चेहऱ्याला काय लावावे, काय लावू नये

लग्नसराई जवळ आली, की आमच्या दवाखान्यात तापखोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक प्रश्न हमखास येऊ लागतो. ‘डॉक्टर, चेहऱ्याला काय लावू?’ विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी तिची आई. हल्ली मुलगेही मागे नाहीत. पिशवीतून चार-पाच ट्यूबा आणि डब्या निघतात. एक मैत्रिणीने सांगितलेली, एक ब्यूटी पार्लरमधून आणलेली, एक मोबाईलवर जाहिरात पाहून मागवलेली आणि एक मेडिकल स्टोअरमधून ‘चांगली आहे, घेऊन जा’ म्हणून मिळालेली. सगळ्यांचा खर्च जोडला तर घरातला महिन्याचा किराणा त्यात येईल.

यातल्या काही वस्तू खरोखर उपयोगी असतात, बऱ्याचशा निरुपयोगी पण निरुपद्रवी असतात आणि थोड्या घातक असतात. हा फरक ओळखायला त्वचारोगतज्ज्ञ असावे लागत नाही. वेष्टन वाचण्याची सवय आणि त्वचेच्या कामाची थोडी माहिती एवढे पुरते.

त्वचा म्हणजे चिऱ्याची भिंत

आपल्याकडे जांभ्या चिऱ्याच्या भिंती सर्वांनी पाहिलेल्या आहेत. त्वचेचा सर्वात वरचा थर असाच असतो. चपट्या, मृत पेशी म्हणजे चिरे आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. आतले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू आत येऊ न देणे हे या भिंतीचे काम. ही भिंत साधारण चार आठवड्यांनी नव्याने बांधली जाते. म्हणून कोणतेही चांगले औषध किंवा क्रीम आपला गुण दाखवायला काही आठवडे घेते. ‘तीन दिवसांत फरक’ असे कोणी सांगितले, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. त्याचे कारण पुढे येईलच.

भिंत म्हटली की तिच्यातून वाटेल ते आत जात नाही, हेही ओघाने आले. कोलॅजेनची क्रीम चेहऱ्याला लावल्याने त्वचेतले कोलॅजेन वाढत नाही, कारण त्याचा रेणू या भिंतीतून आत शिरण्याच्या मानाने फारच मोठा असतो. वरवर थोडा ओलावा मिळतो, इतकेच. तो ओलावा साध्या व्हॅसलीननेही मिळतो.

खरोखर काम करणाऱ्या वस्तू

ही यादी लहान आहे आणि त्यातल्या बहुतेक वस्तू स्वस्त आहेत.

कोरड्या त्वचेसाठी पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन आणि खोबरेल तेल. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पेट्रोलियम जेली त्यावर झाकण घालते. ग्लिसरीन नुसते लावू नये, पाणी मिसळून लावावे. आंघोळीनंतर अंग टिपून, थोडे ओलसर असतानाच यातले काहीही लावले तर गुण अधिक येतो. तासाभराने लावले तर निम्मा फायदा जातो. खोबरेल तेल आपल्या घरचेच आहे आणि कोरड्या अंगाला उत्तम आहे. मात्र मुरमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते लावू नये. कोंडा झालेल्या डोक्यावरही ते चोळू नये, कारण कोंड्याला कारण असणारी बुरशी तेलावरच पोसते.

टाचांच्या भेगांसाठी आपल्या कोकणात कोकमाच्या बियांचे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. कोणी त्याला भिरंडेल म्हणतात, कोणी मुठेल. त्याचा गोळा असतो आणि तो उष्णतेने वितळतो. यात जादू काही नाही. घट्ट स्निग्ध पदार्थ भेग झाकतो, ओलावा टिकतो आणि भेग भरून येते. रात्री पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, पुसावेत, तेल किंवा व्हॅसलीन जाडसर लावून सुती मोजे घालावेत. फार जाड टाचांसाठी युरिया असलेले मलम मिळते, तेही चांगले. मधुमेह असलेल्यांनी मात्र भेगा अंगावर काढू नयेत. आणि ब्लेडने टाचा तासण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक आम्ल आणि ॲडापॅलीन ही तीन नावे लक्षात ठेवावीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचे पुरते. जास्त टक्क्यांचे घेतले तर गुण तेवढाच आणि जळजळ जास्त. ते रंगीत कपड्यांचा व टॉवेलचा रंग उडवते, म्हणून जपून वापरावे. ॲडापॅलीन रात्री, वाटाण्याएवढे, सबंध चेहऱ्याला लावायचे असते, एकेका मुरमावर नव्हे. सुरुवातीला त्वचा थोडी सोलवटते. गरोदर स्त्रियांनी आणि दिवस राहण्याची शक्यता असलेल्यांनी ते लावू नये. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आमचा अनुभव असा, की बहुतेक मुले तिसऱ्या आठवड्यात कंटाळून औषध बदलतात आणि मग ‘कशानेच गुण येत नाही’ म्हणतात.

सागरकिनारी सर्वात मोलाचे क्रीम

वांग, काळे डाग, अकाली सुरकुत्या या सगळ्यांच्या मागे ऊन असते. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ऊन दोनदा लागते. एकदा वरून आणि एकदा खालून, कारण कोरडी वाळू आणि लाटांचा फेस अतिनील किरण परावर्तित करतात. ढगाळ हवेतही हे किरण बरेचसे येतात. होडीवर काम करणारे, मासळी वाळवणाऱ्या भगिनी, शेतात राबणारे आणि पर्यटकांच्या मागे दिवसभर वाळूत उभे राहणारे तरुण यांच्या चेहऱ्याचा रंग आणि मानेखालचा रंग यांत फरक पडतो तो यामुळे.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ हा आकडा पाहावा. एसपीएफ १५ असलेले क्रीम त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० असलेले ९७ टक्के आणि ५० असलेले ९८ टक्के. म्हणजे ३० च्या पुढे आकडा वाढतो, किंमत वाढते, पण संरक्षण फारसे वाढत नाही. एसपीएफबरोबर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे लिहिलेले किंवा पीए या अक्षरांपुढे अधिकची चिन्हे असलेले क्रीम घ्यावे. ते काचेतून येणाऱ्या किरणांनाही रोखते. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम लागते आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते.

हे सर्वांना परवडणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. रोज होडीवर जाणाऱ्याने दर दोन तासांनी क्रीम लावणे शक्यही नाही. त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्यावरून मानेपर्यंत पदर किंवा पंचा हेच उत्तम सनस्क्रीन. शक्य असेल तेव्हा सकाळी दहा ते दुपारी चार हा काळ टाळावा. कापडाला एसपीएफचा आकडा नसतो, पण ते घामाने धुऊन जात नाही.

गोरेपणाचा बाजार

आता सर्वात नाजूक विषयाकडे वळू. आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि २०२० मध्ये तिचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. या पंचेचाळीस वर्षांत गोरेपणाची इच्छा हा मोठा धंदा झाला. नाव बदलले, तरी वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर रंगाचा रकाना आहेच.

मूळ रंग कोणता, हे पाहायचे असेल तर दंडाची आतली बाजू पाहावी. तेथे ऊन लागत नाही. उन्हाने काळवंडलेला चेहरा काळजी घेतली तर तितपत येऊ शकतो. त्याहून गोरा तो कोणत्याही सुरक्षित क्रीमने होत नाही. कारण हा रंग आईवडिलांकडून आलेला असतो आणि मेलॅनिन नावाचे ते रंगद्रव्य उन्हापासून आपले रक्षणच करत असते.

मग काही क्रीम लावल्यावर आठ दिवसांत चेहरा उजळतो तो कसा? याची दोन उत्तरे आहेत. एक पारा, दुसरे स्टिरॉइड.

पाऱ्याचे क्षार मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच अडवतात. चेहरा झपाट्याने उजळतो, पण पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले होते. तिघीही एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते क्रीम तपासले, तेव्हा त्यात पारा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांची माहिती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यातले १५ रुग्ण या विकाराच्या एका दुर्मीळ प्रकाराचे होते आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला, ही त्यातली समाधानाची बाब.

आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एक भाग, इतकाच चालतो. मुद्दाम तर तो घालताच येत नाही. म्हणून अशी क्रीम सहसा परवान्याच्या चाकोरीबाहेरून येतात. त्यांच्या खुणा अशा. डबीवर उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नसतो, घटकांची यादी नसते, मजकूर परक्या भाषेत असतो किंवा डबीला वेष्टनच नसते. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर ती मोठी धोक्याची खूण समजावी, कारण पारा या धातूंना चिकटतो. असे क्रीम वापरले जात असेल तर ते आजच बंद करावे. डबी घट्ट बांधून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, विहिरीत किंवा गटारात टाकू नये. मग लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ती साधी आणि स्वस्त तपासणी आहे. लघवीला फेस येणे, सकाळी पापण्या सुजणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे असतील तर एक दिवसही थांबू नये. येताना ती डबी डॉक्टरांना दाखवायला आणावी. घरात एकीने असे क्रीम वापरले तरी उशी, टॉवेल, हात यांवाटे आणि हवेतूनही पारा लहान मुलांपर्यंत पोहोचतो, हे आयांनी ध्यानात ठेवावे.

ट्यूबमधले स्टिरॉइड

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबासारख्या आजारात ते मोलाचे आहे. पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावायचे असते. चेहरा उजळायला म्हणून महिनोन्‌महिने लावले तर त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे फुटतात, ओठांवर आणि हनुवटीवर लव येते. क्रीम थांबवले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशी बिघडलेली चेहऱ्याची प्रकरणे इतकी येतात, की भारतातल्या तज्ज्ञांनी २००८ साली या अवस्थेला वेगळे नावच दिले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती चिठ्ठीविना मिळतात, हे वाचकांना ठाऊकच आहे.

ओळखायचे कसे? ट्यूबवरील बारीक अक्षरांत बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले की ते स्टिरॉइड समजावे. ट्यूबवर उभी लाल रेघ असेल तर ते प्रसाधन नसून औषध आहे, एवढे तरी निश्चित. बरेच महिने वापरले असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे.

याच मलमांनी आपल्या दमट किनाऱ्यावर आणखी एक उपद्व्याप करून ठेवला आहे. तो म्हणजे न हटणारे गजकर्ण. जांघेत, कमरेवर, काखेत गोल चट्टा उठतो, खाज सुटते. दुकानातून तीन-चार औषधांचे मिश्रण असलेली ट्यूब आणली जाते. त्यातल्या स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते. पण बुरशी मरत नाही, उलट पसरते, आणि महिन्याभराने घरातल्या सर्वांना होते. शिवाय नेहमीच्या औषधाला दाद न देणारी एक बुरशी भारतात फोफावली आहे. २०२० मध्ये तिला दिलेल्या शास्त्रीय नावातही ‘इंडो’ हा शब्द आहे. गजकर्णावर बुरशीनाशक एकच औषध असलेले, स्टिरॉइड नसलेले मलम लावावे. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा लावावे आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, किंवा ते अंगावर बरेच पसरले असेल, तर पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. त्या डॉक्टरांकडूनच घ्याव्यात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. आतले कपडे उन्हात वाळवावेत, पावसाळ्यात इस्त्री करून घालावेत. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांनाही हाच नियम. आधी पाय कोरडे करा, मग मलम.

चट्टा झाकू नका

मुलांच्या गालांवर पांढुरके डाग दिसले की ‘जंत झाले’ म्हणतात. बहुतेक वेळा ती नुसती कोरडी त्वचा असते आणि व्हॅसलीन व उन्हापासून बचाव यांनी हळूहळू जाते. पण फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि त्यावर टोचलेले कळत नसेल, गरम-गार समजत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. अशा चट्ट्यावर क्रीम फासून वेळ घालवू नये. कुष्ठरोगाचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि लवकर सुरू केले तर हातापायांत व्यंग येत नाही. यात लपवण्यासारखे काही नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

बिब्बा आणि खाजकुयली नैसर्गिकच आहेत, त्या कोणी चेहऱ्याला लावत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर चेहरा भाजल्यासारखा काळा पडलेला आम्ही पाहिला आहे. दिवाळीचे उटणे वर्षातून चार दिवस लावायला हरकत नाही. मात्र ते रोज खसखसून घासले तर चिऱ्यांमधला चुना निघून जातो. मुरमांवर टूथपेस्ट लावू नये. कपाळावर टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग आला तर टिकलीचा गोंद बंद करावा. केसांचा कलप आणि ‘काळी मेंदी’ यांतील पीपीडी नावाच्या रसायनाची अनेकांना तीव्र ॲलर्जी होते. एकदा सूज आलेल्यांनी ते पुन्हा लावूच नये.

साबणाबद्दल थोडेसे. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. म्हणून चेहरा दिवसातून दोनदा, फार तर घाम आल्यावर आणखी एकदा धुवावा. जंतुनाशक साबणाची निरोगी माणसाला गरज नसते.

दुकानात गेल्यावर

१. उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत पाहा. परदेशी वस्तूवर आयात नोंदणी क्रमांक असतो. काही नसेल तर घेऊ नका.

२. घटकांची यादी वाचा. जास्त प्रमाणात असलेला घटक आधी लिहितात. समोर केशराचे चित्र आणि यादीत केशर अगदी शेवटी, तर त्यात केशर नावापुरतेच समजा.

३. प्रसाधनाने रोग बरा होतो असा दावा असेल, तर तो खोटा तरी आहे किंवा आत औषध तरी आहे.

४. नवीन क्रीम आधी हाताच्या आतल्या बाजूला आठवडाभर, दिवसातून दोनदा लावून पाहा. खाज, पुरळ नसेल तरच चेहऱ्याला लावा.

५. एका वेळी एकच नवीन वस्तू. चार एकदम सुरू केल्या तर कशाने फायदा झाला आणि कशाने पुरळ आले, ते कळत नाही.

६. मुरमांचे औषध निदान आठ आठवडे नेमाने वापरा. पुरळ, सूज किंवा आग झाली तर मात्र लगेच थांबवा.

बहुतेकांना रोजच्यासाठी तीनच वस्तू पुरतात. सौम्य साबण, एक ओलावा टिकवणारे मलम आणि उन्हापासून संरक्षण. उरलेल्या पैशांत घरात फळे आणावीत. घरी अशी एखादी डबी असेल, जिच्याबद्दल खात्री वाटत नाही, तर ती आपल्या डॉक्टरांना, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावी. बनावट अथवा बिनपरवाना क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते आणि ती करावी. आपल्या एका तक्रारीने शेजारच्या घरातली मुलगी वाचू शकते.